गोठ्यातला कॅमेरा आणि पहिला चीक

पारडूच्या कानाला हात लावला. कान थंडगार होते. डोळे आत गेलेले, शेपटीखाली पिवळ्या पातळ हगवणीचे ओघळ. वय आठ दिवस. मी सलाईनसाठी शीर शोधत होते आणि मागे उभे राहिलेले नाना म्हणाले, “हाई तिसरं चालनं, ताई. आते खरं सांगा. तुम्हनी लसच बाधनी ना?”

मी जनावरांची डॉक्टर आहे. एरंडोल तालुक्यातल्या खेड्यांमध्ये फिरते. नानांच्या गोठ्यात सहा म्हशी. त्यातल्या गाभण म्हशींना पावसाळ्याआधी मीच घटसर्पाची लस टोचली होती. घटसर्पात जनावराचा गळा सुजतो आणि एका दिवसात खेळ खलास होतो, म्हणून ही लस दरवर्षी द्यावी लागते. त्यानंतर नानांच्या चार म्हशी व्याल्या. दोन पारडी आठ-दहा दिवसांची होऊन हगवणीनं गेली. एक ठणठणीत जगली. चौथं हे, माझ्या हाताखाली.

“नाना, लस मागच्या वर्षी पण दिली होती. तेव्हा किती मेली?”

“एक बी नही.”

“मग?”

“मंग माले काय माहीत? डॉक्टर तुम्ही शेतस.” बोलणं रोखठोक, आणि खरंही. “चंद्री आते पंधरा रोजमा व्यायी. तिनं पारडू बी गयं, ते बठ्ठ्या म्हशी बजारमा. मी ठरायी टाकेल शे.”

चंद्री ही पाचवी म्हैस. नानांची सून मनीषा हिला माहेरून, धुळ्याकडच्या एका खेड्यातून मिळालेली. मनीषा दारात बादली घेऊन उभी होती. सासऱ्यांचं बोलणं ऐकलं आणि बादली तशीच उचलून आत गेली.

मी निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत आली. “ताई, गल्लीतल्या बायका लस वगैरे म्हणत नाहीत. माझ्या हाताला यश नाही म्हणतात. अक्कांचे गुडघे गेले म्हणून श्रावणात गोठा माझ्याकडे आला. अक्कांच्या हाताखाली मागच्या वर्षी पाचच्या पाच जगली. माझ्याकडे आल्यापासूनच असं का व्हावं?”

अक्का म्हणजे तिच्या सासूबाई. मनीषा रडली असती तर मी दोन शब्द समजुतीचे बोलून गाडीला किक मारली असती. पण ती विचारत होती. तिला उत्तर हवं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या प्रश्नानं मलाही धरलं. गोठ्यात अक्कांच्या जागी मनीषा आली, एवढ्यानं मरण कसं येतं? गोठा तर आता आधीपेक्षा स्वच्छ होता. खाली चुना मारलेला, पाण्याचा हौद घासलेला, पारडांच्या बेंबीला आयोडीन लावलेलं. स्वच्छ गोठ्यात पिल्लं मरतात आणि अस्वच्छ गोठ्यात जगतात, हे काही माझ्या पुस्तकात नव्हतं.

त्या दिवशी मी पारडूचं थोडं रक्त एका बाटलीत घेऊन आले होते. रक्त स्थिर ठेवलं की ते गोठतं आणि वर पिवळसर पाणी सुटतं. त्याला सीरम म्हणतात. आईकडून पिल्लाला जे संरक्षण मिळतं ते या पाण्यात दिसतं. कसं दिसतं? त्यासाठी माझ्याकडे एक नळी आहे. ती मूळची जनावरांची नाहीच. माझी एक मैत्रीण सावद्याला केळीच्या पॅकहाउसमध्ये क्वालिटीचं काम बघते. फळाच्या रसाचा थेंब काचेवर टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, आत आकड्यांच्या पट्टीवर निळी रेघ दिसते. जितकी गोडी जास्त, तितकी रेघ वर. तिला रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात. साखर असो की प्रोटीन, पाण्यात काय विरघळलंय एवढंच ती बघते. म्हणून सीरमलाही चालते आणि म्हशीच्या चिकालाही. मैत्रिणीची जुनी नळी मी दोन वर्षांपूर्वी मागून आणली. परत द्यायचं तिनंही काढलं नाही, मीही नाही.

आठवड्याच्या आतल्या पिल्लाच्या सीरमची रेघ साडेआठच्या आसपास किंवा वर असावी. या पारडूला एक दिवस जास्त झाला होता, पण अंदाज तर येतोच. रेघ सहाच्याही खाली होती. मी काच पुसून पुन्हा बघितलं. तेवढीच. म्हणजे त्याच्या अंगात आईचं काही उतरलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेले.

“मनीषा, पहिला चीक कसा होता? पातळ?”

“बघता का? आहे.” तिनं फ्रिजरमधून स्टीलचा डबा काढला. डब्यावर चिकटपट्टी, पट्टीवर म्हशीचं नाव आणि तारीख. विलास, म्हणजे तिचा नवरा, धुळ्याला कंपनीत नोकरीला. शनिवारी यायचा, पण गेल्या शनिवारी आला नव्हता. त्याच्यासाठी खरवस करायला पहिला चीक राखून ठेवलेला.

मी वाटीत थोडा वितळवला आणि थेंब काचेवर टाकला. चिकाची रेघ बावीसच्या वर असली की तो चांगला, हा हिशेब गाईचा, पण म्हशीलाही मी तोच लावते. रेघ सव्वीसवर. असा चीक वर्षातून एक-दोनदाच बघायला मिळतो.

आता गंमत बघा. आईचा चीक एक नंबर. पिल्लाचं रक्त रिकामं. म्हणजे माल तयार होता, पोचला नाही.

“पारडूला हा पाजला का?”

“हो ना. पोटभर.”

“किती वाजता?”

“वार पडल्यावर.”

वार म्हणजे व्याल्यानंतर बाहेर पडणारी नाळेची पिशवी. “ती किती वाजता पडली?”

“थांबा, दाखवते.” मनीषानं मोबाईल काढला.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. त्या गोठ्यात कॅमेरा होता, आणि तो माझ्या सांगण्यावरून बसवलेला होता. दोन वर्षांपूर्वी नानांची एक म्हैस पहाटे अडली. कोणाला कळलंच नाही. उजाडेपर्यंत म्हैसही गेली आणि पोटातलं पारडूही. तेव्हा मी विलासला म्हटलं होतं, “मोबाईलवर दिसतो तसला कॅमेरा लाव. धुळ्यात बसून बघ.” त्यानं लगेच नाही लावला. यंदा आषाढात लावला. म्हैस अस्वस्थ झाली की तो धुळ्याहून बायकोला फोन करायचा, आणि चार मिनिटांत मनीषा गोठ्यात. याबद्दल मी चार गावांत त्यांचं कौतुकही करून आले होते.

आम्ही दोघी ओट्यावर बसून रेकॉर्डिंग पळवत बघू लागलो. कोपऱ्यात वेळ दिसत होती. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी पारडू जमिनीवर. लगेच मनीषा आली, पोत्यानं पुसलं, बेंबीला आयोडीन लावलं. अगदी मी शिकवलं तसं. मग तिनं पारडूच्या गळ्यात दोरी घातली आणि ते दूरच्या खुंट्याला बांधलं. पारडू उभं राहिलं. पडलं. पुन्हा उभं राहिलं आणि म्हशीच्या दिशेनं मान ताणून हिसके देऊ लागलं. म्हैसही मान वळवून ओढ घेत होती. मनीषा दर तासाला येऊन वार पडली का ते बघत होती. सात वाजले, नऊ वाजले, बारा वाजले. दुपारी अडीचला वार पडली. तीनला पारडू सोडलं. ते पोटभर प्यालं.

“दहा तास,” मी म्हणाले.

“अक्कांनी सांगितलंय, वार पडल्याशिवाय पाजायचं नाही. नाहीतर वार आत अडकते.”

हा समज मला नवा नव्हता. अर्ध्या जिल्ह्यात आहे. मी प्रत्येक शिबिरात ‘चीक पाजा’ म्हणून सांगायचे, आणि लोक मान हलवायचे, कारण ते पाजतच होते. कधी पाजता, हे मी इतक्या वर्षांत किती जणांना विचारलं? बोटांवर मोजावे लागतील.

मनीषाला मी समजावून सांगितलं ते इथंही सांगते. माणसाच्या बाळाला आईकडून रोगाशी लढायचं सामान पोटात असतानाच नाळेतून मिळतं. गाई-म्हशींत ती वाट बंद. वासरू, पारडू रिकाम्या हातानं जन्माला येतं. ते सामान आई चिकात भरून ठेवते. पिल्लाच्या आतड्याला जन्मल्यावर काही तास असं एक दार असतं की हे सामान न पचवता आख्खंच्या आख्खं रक्तात घेतं. पहिल्या पाच-सहा तासांत दार सताड उघडं. मग ते लोटत जातं. एका दिवसात बंद. नंतर चीक पोटभर पाजला तरी तो नुसता आहार. पोट भरतं, शिदोरी मिळत नाही.

“शिदोरी?”

“शिदोरीच. आईनं करून दिलेली. पिल्लाला काही करावं लागत नाही, पहिल्या दिवसापासून कामाला येते. पण संपते. दोन-चार महिन्यांत संपतेच. याला पॅसिव्ह इम्युनिटी म्हणतात. लस म्हणजे शिदोरी नव्हे. लस म्हणजे स्वयंपाक शिकवणं. शरीर स्वतः शिकतं, स्वतः करतं, म्हणून ते टिकतं. ती ॲक्टिव्ह. पण शिकायला दोन-तीन आठवडे लागतात.”

मनीषानं क्षणभर विचार केला. “म्हणजे लस म्हशीला दिली. ती शिकली. तिनं चिकात भरलं. आणि मी दोरी बांधून ठेवली.”

मी इतकी वर्षं भाषणं देते, पण इतकं थोडक्यात मला कधी जमलेलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघवलं नाही मात्र.

मग तिनं हे सगळं सांगायला विलासला फोन लावला. तो तिकडून म्हणाला, “ताई, मग सोपं आहे. चंद्रीचं पारडू जन्मलं की त्यालाच लस टोचा.”

“विलास, कोणती टोचू? घटसर्पाची लस हगवणीवर चालत नाही. आणि हगवणीची टोचली तरी ते तिसऱ्या आठवड्यात शिकणार. मरतं आठव्या दिवशी.”

“मग या आत्ताच्या पारडूला आईचं सामान सरळ रक्तातून नाही देता येणार?”

हुशार पोरगा. येतं. मी तेच करायला आले होते. आतड्याचं दार बंद झालं तरी शिरेचं उघडं असतं. मी म्हशीच्या मानेतून रक्त काढलं, ते गोठू नये म्हणून औषध घातलेल्या पिशवीत घेतलं आणि पारडूला हळूहळू चढवलं. मनीषा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. संध्याकाळी त्यानं कान हलवला. आम्हाला आशा वाटली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेलं. उशीर झाला होता. मला वाईट वाटलं, आणि रागही आला, स्वतःचाच.

पण कोडं अजून सुटलं नव्हतं. वार पडेपर्यंत पाजायचं नाही, हा नियम अक्कांचाच. मग अक्कांच्या हाताखाली पाचच्या पाच कशी जगली? मी सरळ अक्कांनाच विचारलं. त्या ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत होत्या.

“अक्का, तुम्ही पण वार पडल्यावरच पाजायच्या?”

“मंग? मन्ही सासू बी तशेच करे.”

“म्हैस व्याली की लगेच पारडू बांधायच्या?”

“लगेच कसं बांधसु?” अक्का माझ्याकडे मी शहरातली वेडी असल्यासारखं बघू लागल्या. “म्हशी काय माले सांगीसन व्यातीस का? पहाटले व्याये, नहीते आम्ही वावरमा राहूत. ईसन देखो, ते पारडू उभं राहे. मंग बांधूत.”

“आणि तोवर ते प्यायलेलं असायचं?”

“ते माले काय माहीत? मी झोपेल राहू.”

मी ओट्यावर बसले. हसावं की कपाळावर हात मारावा, कळेना. नियम तोच होता. फक्त तो पाळायला जागं कोणी नसायचं. अक्का येईपर्यंत पारडानं पोटभर चीक पिऊन घेतलेला असायचा, मग नियमाप्रमाणे ते बांधलं जायचं. आता कॅमेरा आला, विलासचा फोन आला, मनीषा चार मिनिटांत हजर झाली, आणि नियम पहिल्यांदाच नीट पाळला गेला.

“आणि जगली ती एक पारडी?” मी मनीषाला विचारलं.

तिनं पटकन वर बघितलं. “त्या दिवशी लाईट नव्हती. कॅमेरा बंद. मला उजाडल्यावर कळलं. गेले तेव्हा ती दूध पीत होती.” त्या पारडीचं घरात नावच लोडशेडिंग पडलं होतं. ती समोर उड्या मारत होती. तिचं रक्त तपासून आता उपयोग नव्हता, महिना उलटला होता, तिचं स्वतःचं शरीर कामाला लागलं होतं. पण मला पुरावा पुरला.

अक्कांना मी म्हटलं, “पारडू आचळ ओढतं तेव्हा म्हशीचं गर्भाशय आवळतं. त्यानं वार उलट लवकर पडते.” अक्कांनी ऐकून घेतलं. “हुं,” म्हणाल्या. या ‘हुं’चा अर्थ खानदेशात नोकरी केलेल्या माणसाला सांगावा लागत नाही. अर्थ असा, की तुम्ही बोला, आम्ही आमचं करू.

नानांचं ऐकून गावानं लसीला जनावरं आणणं थांबवलं होतं. नानांनी एवढंच केलं, बाजाराची गोष्ट चंद्री व्यायेपर्यंत पुढे ढकलली.

चंद्री व्याली ती दुपारी दोनच्या सुमाराला. मी तेव्हा जळगावला महिन्याच्या मीटिंगमध्ये. साहेब विचारत होते, “मॅडम, तुमच्याकडे एका गावात लसीकरण अडलंय म्हणे. कारण काय लिहू?”

“सर, पारडं मेली म्हणून लोक लसीला घाबरतात.”

“लसीनं मेली?”

“नाही सर. दोरीनं.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात माझा फोन थरथरला. विलासचा होता. मी बाहेर व्हरांड्यात आले.

“ताई, चंद्री व्याली. पारडी आहे. कॅमेऱ्याची लिंक पाठवलीय, बघा लवकर. अक्का गोठ्यात आहे.”

मी लिंक उघडली. चंद्री उभी. मनीषा पारडीला पुसतेय. आणि अक्का, गुडघे दुखत असतानाही काठी टेकत आलेल्या, हातात दोरी. कॅमेऱ्यातून आवाजही येत होता.

“बांध तिले.”

“अक्का, ताईंनी सांगितलंय...”

“ताई जळगावमा शे. वार अडकनी आणि म्हैस गयी, ते ताई देई का दुसरी? तुन्ही मायना घरनी म्हैस शे, म्हनीसन सांगस.”

अक्कांना मनीषाची म्हैस वाचवायची होती. हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी त्यांना अडाणी हट्टी म्हातारी समजून बसले होते.

पारडी उभी राहायला धडपडत होती. मनीषा उठली, सासूच्या हातातून दोरी घेतली आणि शांतपणे म्हणाली, “अक्का, तुम्ही तेव्हा झोपायच्या ना?”

“हा.”

“मग आता पण जरा आडव्या व्हा. गुडघे दुखतात तुमचे. वार पडली की मी हाक मारते. तुम्ही आलात की बांधू.”

अक्का सुनेकडे बघत राहिल्या. मग अक्कांनी पदर सारखा केला, काठी उचलली आणि घराकडे वळल्या. दारात थांबून म्हणाल्या, “आणि तो डोया बंद कर वर्‍हला. माले झोप लागत नही.”

वरचा डोळा म्हणजे कॅमेरा. माझ्या मोबाईलचा पडदा काळा झाला. विलासनं धुळ्यातून बंद केला होता.

पुढं काय झालं ते मला दिसलं नाही. मी मीटिंगमध्ये परत जाऊन बसले आणि तीन विषयांवर मान हलवली. एकही आठवत नाही. साडेपाचला मनीषाचा फोन आला.

“ताई, वार चारला पडली. आख्खी.”

“आणि अक्का?”

“उठल्या. बाहेर येऊन पारडी बांधली.”

दोन दिवसांनी मी रक्त घेतलं. सीरम सुटल्यावर नळी मनीषाच्या हातात दिली. तिनं डोळा लावला, बराच वेळ लावला. “नऊच्या वर,” ती म्हणाली. मग नळी मला न देता नानांकडे नेली आणि रेघ कुठं बघायची ते त्यांना दाखवलं. नाना चष्मा वर करून, खाली करून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी गावातली जनावरं लसीला आणून बांधायला तेच सगळ्यात आधी उभे होते.

पारडी आज चार महिन्यांची आहे. तिची शिदोरी संपायला आली, म्हणून मागच्या आठवड्यात तिला लस टोचली. आता तिचं तिला शिकायचं आहे. सहावी म्हैस नुकतीच व्यालेली, म्हणून त्या दिवशी अक्कांनी मला खरवस दिला. पहिला चीक पारडांनाच जातो आता, म्हणून खरवस दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा. ताटलीत नीट थिजलेला नव्हता. पातळच होता.

“अक्का, खरं सांगा,” मी म्हणाले, “चंद्री व्याली तेव्हा झोप लागली होती?”

“वार पडस तवलोंग गोठाकडनी खिडकीमा उभी व्हती,” अक्का म्हणाल्या. “तू खाय.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एक शिकले. कोणाची जुनी पद्धत सुधारायला जाल तेव्हा लोक काय करतात ते विचाराच, पण त्या वेळी कोण झोपलेलं असतं, हे आधी विचारा. नळी अजून मैत्रिणीला परत केलेली नाही. ती सध्या मनीषाकडे असते.